मधली कारवी

उंबरमाळात कुणाला वय विचारलं की उत्तर वर्षांत येत नाही, कारवीत येतं. धर्माआबा दहा कारवीचे. शाळेतले गुरुजी दिसायला पन्नाशीचे, डोक्यावर चांदी पसरलेली, पण मूळचे खालच्या मुलखातले. इथं आल्यापासून त्यांनी दोनदाच कारवी फुललेली पाहिली, म्हणून गावाच्या लेखी ते दोनच कारवीचे, आणि पंगतीत त्यांना कोवळ्या पोरापोरींच्या ओळीत बसावं लागतं. गुरुजी कुरकुर करत नाहीत. त्या ओळीत जिलबी लवकर येते, असं ते सांगतात.

आणि सावरी होती एका कारवीची, वर सहा पावसाळे. शहरी हिशेबानं नववीतली मुलगी. तिच्या स्वतःच्या हिशेबानं मात्र ती कधीच मोठी झाली होती. बाकी जगाला कळायला जरा उशीर लागत होता, इतकंच.

कारवी म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवर माणसाच्या डोक्यावर जाणारं झुडूप. सात वर्षं ते नुसतं हिरवं असतं. कोणी त्याचा फोटो काढत नाही. आठव्या वर्षी, श्रावण सरता सरता, सगळे डोंगर एकाच वेळी जांभळट निळे होतात, जणू आभाळाला डुलकी लागली आणि ते तिथंच आडवं झालं. मग बी धरतं आणि झाड मरतं. सगळीच्या सगळी कारवी, एकाच वर्षी. पुढच्या पावसाळ्यात वाळलेली बोंडं भिजून तडतड फुटतात, दगडागोट्यांत बी उडतं आणि डोंगर पुन्हा पहिलीच्या वर्गात जाऊन बसतो.

उंबरमाळाचा नियम असा, की स्वतःच्या पायांनी पाळणाखिंड चढून पाहिली तीच कारवी मोजायची. आईच्या कडेवरून पाहिलेली नाही धरायची. आणि दोन कारवी झाल्याशिवाय कुणी डोंगरात दुसऱ्यांच्या पुढं चालायचं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हातारी माणसं सांगत, ज्यानं डोंगर मेलेला आणि पुन्हा उठलेला पाहिला नाही, त्याच्या मागं जायचं कशाला?

आता पुढं चालणं हीच तर सावरीची एकुलती एक इच्छा होती. पाळणागड राष्ट्रीय उद्यानाच्या सगळ्या वाटांना एकेक वाटाड्या असे, आणि खिंडीची वाट होती तिच्या ठकूआत्याची. आत्या चालायला लागली की मागचे पाहुणे आपोआप हळू बोलायचे. ती मधेच थांबायची, हात वर करायची, आणि थोड्या वेळानं धुक्यातून एखादा गवा असा बाहेर यायचा, की डोंगराचाच एक तुकडा निघून चालायला लागला असं वाटावं. सावरी लहानपणापासून या वाटेवर आत्याच्या मागं चालत आली होती. आत्याची पाठ तिला तोंडपाठ होती.

पण आत्याचा गुडघा गेला. उतारावर ती आता बसत बसत यायची. उद्यानाच्या साहेबांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं, की ज्या वाटेला चालता वाटाड्या नसेल, ती पुढच्या हंगामापासून चष्म्यांना द्यावी लागेल. हे चष्मे घातले की समोर जमिनीवर हिरवी रेघ दिसते आणि कानात कुणीतरी मध घातल्यासारखं बोलतं: उजवीकडे वळा, हा हिरडा आहे, पाणी प्या. सावरी त्या आवाजाची अशी हुबेहूब नक्कल करायची, की तिची आईसुद्धा क्षणभर पाणी प्यायला उठायची. पण त्या दिवशी तिनं नक्कल केली नाही. कारवीला अजून दोन वर्षं होती. दोन वर्षांत वाट हातची जाणार होती.

नेमक्या त्याच दिवसांत गावात टेंबेमॅडम आल्या. वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ. त्यांना चढ चढताना धाप लागायची, आणि धाप लागली की त्या खाली बसून पानं मोजल्याचं नाटक करायच्या. सावरीनं ते पहिल्याच दिवशी ओळखलं आणि कुणाला सांगितलं नाही. तिथून दोघींची गट्टी जमली.

सावरीला एक प्रश्न कधीपासून छळत होता. कारवी मोजते कशानं? तिला काय बोटं आहेत? मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सावरीच्या घरातली गोधडी मागवली, तिची घडी घातली आणि म्हणाल्या, असं समज, की झाडाच्या प्रत्येक पेशीत फुलायचं कसं याची सूचना आहे, पण ती अशी घडी घालून टाक्यांनी शिवून ठेवलेली आहे. हे टाके म्हणजे बारीक रासायनिक खुणा. त्या आहेत तोवर पेशीला ती सूचना वाचता येत नाही. दर वर्षी चार महिने चिंब भिजायचं आणि मग कडकडीत सुकायचं, या एका फेऱ्यात टाक्यांची एक ओळ उसवते. सात फेरे झाले की गोधडी मोकळी. सगळ्या झुडपांवर एकच पाऊस पडतो, म्हणून सगळ्यांच्या ओळी एकदमच उसवतात. झाड वर्षं मोजत नाही गं, पावसाळेच त्याला मोजतात, असं मॅडम म्हणाल्या, आणि सावरीला ते वाक्य इतकं आवडलं की तिनं ते निबंधात घातलं.

मग मॅडमनी त्यांचं खरं काम सांगितलं. असा एक रेणू त्यांना सापडला होता, जो पानातून आत शिरून उरलेले टाके झटपट उसवतो. त्याचा तुषार उतारावर सोडला, की कारवी त्याच हंगामात फुलणार. उद्यानाची कल्पना अशी, की दर वर्षी एकेका उताराला फुलवायचं. म्हणजे पाहुण्यांना आठ वर्षं थांबायला नको, आणि दर वर्षी कुठंतरी डोंगर निळा असेलच.

सावरीच्या डोक्यात त्या क्षणी काय झालं, ते सांगायला नकोच.

गावाच्या बैठकीत तीच उभी राहिली. ती बोलायला लागली आणि आपलाच आवाज तिला आवडायला लागला. पहिला उतार आमच्या वाटेवरचा घ्या, तांबडकडा घ्या, असं तिनं ठासून सांगितलं. धर्माआबांनी कानामागची विडी काढली.

"आगं, कारवी म्हंजी काय पंख्याचं बटन हाय का? दाबलं की फिरली?"

सगळे हसले. सावरीही हसली, पण बसली नाही. शेवटी आबांनी एक अट घातली आणि बैठक सुटली. जे फुलेल ती कारवीच आहे असं गावाला वाटलं, तर पुढचे उतार खुशाल फुलवा. नाही वाटलं तर हा तुषार डोंगरात परत येणार नाही. उद्यानानं ते मान्य केलं.

घरी जाताना आत्या दर चार पावलांनी थांबत होती. एका थांब्यावर तिनं विचारलं, "तुला फुलं हवीत का वाट हवी?"

"दोन्ही," सावरी म्हणाली.

आत्या पुढची चार पावलं चालली.

श्रावणात बगळ्यांसारखी पांढरी ड्रोन तांबडकड्यावर फिरली. धुकं आधीच एवढं दाट होतं, की तुषार कुठला आणि ढग कुठला ते कळेना. मग बरेच दिवस काहीच नाही. आणि एका सकाळी सावरी खिंडीत चढून गेली, तर धुक्याला आतून रंग आला होता. ते बाजूला सरकलं. समोरचा सगळा कडा निळा होता, वरपासून खालपर्यंत. इकडचे तिकडचे डोंगर मात्र हिरव्या रजया ओढून झोपलेले. सगळं घर झोपलंय आणि एकच पोर उठून खिडकीत बसलंय, तसा तो कडा दिसत होता. सावरी इतकी खूश झाली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कशासाठी आलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

गावात मात्र वादाला तोंड फुटलं. ही मोजायची का? धर्माआबांना अकरा कारवीचा मान खुणावत होता, त्यामुळे आपलं पंख्याचं बटण ते सोयीनं विसरले. गुरुजींनी तटस्थ चेहरा ठेवला, पण नवी विजार शिवायला टाकली. शेवटी ठरलं, फुलली ती कारवी. सारा गाव एका फटक्यात मोठा झाला. गुरुजी पंगतीत एक ओळ वर सरकले, आणि सावरी दोन कारवीची झाली.

ती वाटेवर पुढं चालली. काय सांगावं त्या दिवसांचं! मागं पाहुण्यांची रांग, समोर निळा कडा, वर आग्या माश्यांचा असा गुंजारव, की जणू खिंडीनं तंबोरा लावलाय. तिनं हात वर केला की वीसवीस माणसं श्वास रोखायची. पुण्याच्या एका आजोबांनी तिला वाटाडीणबाई म्हटलं. तिनं ती हाक त्या दिवशी मनातल्या मनात कितीदा तरी पुन्हा ऐकली.

मग फुलं गेली, बोंडं आली. हिवाळा-उन्हाळ्यात कड्यावर वर्दळच वर्दळ. रानकोंबड्या होत्या, उंदीर-घुशी होत्या, कधी नाव न ऐकलेले किडे होते. सावरी पाहुण्यांना अभिमानानं सांगायची, बघा, आमच्या कड्यावर किती जीव आलेत.

पाऊस लागला आणि बोंडं भिजली, तेव्हा ती खास एक गट घेऊन गेली. आता ऐका हं, ती म्हणाली. लाह्या फुटल्यासारखा आवाज येईल, सगळा डोंगर बोलेल. नऊ वर्षांची असताना तिनं तो ऐकला होता. झोपेत अजूनही कधी कधी ऐकू यायचा. सगळे कान देऊन उभे राहिले. थेंबांची टपटप येत राहिली. कुठंतरी एक बोंड फुटलं, तड. मग पुन्हा टपटप. एका बाईनं चष्मा काढून पुसला आणि विचारलं, आवाज संपला का? सावरी कसनुसं हसली.

आषाढ उलटला तरी वाळक्या काटक्यांखाली हिरवा ठिपका दिसेना. टेंबेमॅडम आल्या, चिखलात गुडघे टेकून बसल्या, आणि या वेळी ते नाटक नव्हतं. मूठमूठ माती त्यांनी चाळून पाहिली. मातीत नुसती टरफलं होती.

त्यांना समजायला वेळ लागला नाही; सांगायला लागला. सगळे डोंगर एकदम का फुलतात, याचं उत्तर त्या टरफलांत होतं. आठ वर्षांनी एकदा एवढं बी पडतं, की रानातल्या साऱ्या तोंडांनी पोटं फुटेपर्यंत खाल्लं तरी उरतं. त्या उरल्यातूनच डोंगर उठतो. इथं मात्र एकच उतार फुलला, आणि भुकेले जीव साऱ्या रानाचे.

"म्हणजे जेवण एका घरचं," सावरी हळूच म्हणाली, "आणि वऱ्हाड सात गावचं."

मॅडमनी मान हलवली. कारवीची मुळं गेली की कड्याची माती कोण धरून ठेवणार, हा पुढचा प्रश्न दोघींनीही विचारला नाही. उत्तर त्यांच्या समोरूनच तांबड्या ओहळांतून खाली वाहत होतं.

मॅडमनी उद्यानाच्या कचेरीत जाऊन सगळं सांगितलं, स्वतःच्या शोधाविरुद्ध बोलायला लागत असूनही सांगितलं. संचालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. एका उतारावरून निष्कर्ष काढता येत नाही, असं त्यांचं मत पडलं. शिवाय पुढच्या उताराची नोंदणी भरली होती. परदेशातून माणसं निघायच्या बेतात होती. आणि मुख्य म्हणजे गावाची अट पूर्ण झाली होती. तुम्हीच म्हणालात ना ही कारवी आहे, ते म्हणाले. मोजलीत की तुम्ही ती.

यात खोटं काहीच नव्हतं. तुषार थांबवायचा तर गावाला म्हणावं लागणार होतं, की ती कारवी नव्हतीच. म्हणजे मिळालेलं वय परत करायचं. धर्माआबांना अकरावी सोडायची नव्हती. पोरं आता खालच्या ओळीत परत जायला तयार नव्हती. जो तो म्हणत होता, झालं ते वाईट झालं, पण मोजलेली कारवी कुणी उलटी मोजतं का?

सावरी दोन दिवस वाटेवर गेलीच नाही. मग आत्याच्या शेजारी जाऊन बसली. आत्या गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधत होती.

"मी एका कारवीची झाले परत, तर वाट कोण चालवील? चष्मे?"

"मी हाय की."

"तुझा गुडघा?"

"त्यो काय कारवी मोजत नाय," आत्या म्हणाली. "बसत उठत जाईन. पाव्हनं थांबतील, न्हाईतर पुढं जातील चष्मे घालून. तू माझ्यासाठी काय ठरवू नको, सावरे. अन् वाटेसाठी बी नको. तुला कडा दिसतोय का, तेवढं सांग."

कडा दारातून दिसतच होता. हिरव्या डोंगरांच्या मधोमध, उघडा.

बैठकीत सावरी पुन्हा उभी राहिली. बोलायचं फारसं नव्हतंच. मागच्या वेळी हिनंच सगळ्यांना पटवलं होतं, म्हणून सगळे बघत होते, ही आता कुठलं भाषण ठोकते.

"मी एकाच कारवीची आहे," सावरी म्हणाली. "जी मेल्यावर उठत नाही ती कारवी नव्हे. मी वाट आत्याला परत देते."

आणि खाली बसली. मग गुरुजी उठले, नवी विजार झटकली आणि पोरांच्या ओळीत सावरीशेजारी जाऊन बसले. धर्माआबा त्यांच्याकडे बघत राहिले. विडी विझली होती; त्यांनी ती पुन्हा पेटवली नाही.

"दहाच," ते शेवटी पुटपुटले. "माणसानं हावरट बी किती व्हावं."

तुषार परत आला नाही. परदेशी पाहुणे दुसरीकडे गेले, आणि संचालक पुष्कळ दिवस उंबरमाळाच्या नावानं दात ओठ खात होते, असं ऐकिवात आहे. खिंडीच्या वाटेवर आत्या पुढं असायची, तिच्यामागं पाहुणे, सगळ्यात शेवटी सावरी. वाट भयंकर हळू झाली. काही जण कंटाळून चष्मे लावून पुढं निघून जात. जे मागं राहत, त्यांना आत्या बसली की बसावंच लागे, आणि बसलं की शेवाळ दिसे, शीळकरी कस्तुर पाखराची शीळ कानी येई, आणि घाई कसली होती तेच आठवेनासं होई. सावरीलाही कधी कधी आठवेना. कधी कधी मात्र आठवे, आणि मग पायांना इतकी खाज सुटे की काय सांगावं.

वर्ष असं गेलं. पुढच्या श्रावणाच्या शेवटी, कुणी काही न फवारता, डोंगर जागे झाले.

त्या सकाळी आत्या दारातच बसून राहिली. गुडघा दुखतोय म्हणाली, पण तिचा चेहरा दुखणाऱ्या माणसाचा नव्हता. सावरी पाहुण्यांना घेऊन निघाली, खिंड येईपर्यंत त्यांच्या बरोबरीनं. पाळणाखिंडीत पोचेपर्यंत धुकं नुसतं दूध होतं. माणसाला स्वतःची पावलं दिसत नव्हती. मग वारा आला आणि ते दूध ओसरलं.

सगळीकडे. उजवीकडे, डावीकडे, खाली दरीत, पार क्षितिजाच्या रेघेपर्यंत निळे डोंगर एकमेकांवर रेललेले. चष्मेवाल्या एका तरुणानं चष्मा कपाळावर ढकलला, मग खिशात ठेवला. हवेत असा मंद घुमारा भरून होता, की आपण आवाजाच्या आत उभे आहोत असं वाटत होतं. आपण स्वप्नात तर नाही ना, म्हणून सावरीनं बोटांनी खडक चाचपला. खडक गार होता आणि ओला होता.

आणि त्या सगळ्या निळाईच्या मधोमध तांबडकडा. मातीचा, उघडा, पावसानं ओरखडलेला. आग्या माश्यांचा सोनेरी लोंढा या डोंगरावरून त्या डोंगरावर चालला होता, अगदी कड्यावरून, पण खाली एकही उतरत नव्हती.

दोन कारवीची झालेली सावरी आता पुढं झाली, सगळ्यांना त्याच कड्याच्या काठाशी घेऊन गेली आणि बसायला सांगितलं. पाहुणे बुचकळ्यात पडले, पण बसले. एका बाईंनी हळूच विचारलं, हा असा कसा राहिला? सावरीनं सांगितलं. गोधडीचे टाके सांगितले, टरफलं सांगितली, आणि कड्याचं नाव बैठकीत कुणी सुचवलं होतं, तेही सांगितलं. आवाज जरा खाली आला, पण थांबला नाही.

बाईंनी चिमूटभर तांबडी माती उचलून पाहिली.

"मग हा आता कधी फुलणार?"

सावरीनं कड्याच्या दोन्ही कडांकडे पाहिलं. तिथपर्यंत शेजारची कारवी अगदी ओठंगून आली होती. पुढच्या वर्षी तिची बोंडं फुटतील. थोडं बी इकडे उडेल, कडेकडेनं रुजेल, मग पावसाळे त्याला मोजायला लागतील. एक, मग दुसरा, मग तिसरा. तिला ते सगळे पावसाळे एकामागं एक उभे दिसले, आणि नवल म्हणजे, त्यांच्याकडे बघताना पायांना खाज सुटली नाही.

"मी तीन कारवीची झाले, की या," ती म्हणाली.